वजन नेमकं कधी घेतलं? रॉबर्ट बॉईलचा एक धडा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी भट्टीतून काढलेली क्रुसिबल गार न होऊ देताच तोलली होती. आठवडाभराचे आकडे फेकून द्यावे लागले. त्यामुळे आजची गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे.

बॉईल (१६२७–१६९१) म्हटलं की तुम्हाला वायूचा नियम आठवेल. पण १६६१ च्या ‘द स्केप्टिकल किमिस्ट’मध्ये त्याने त्याहून मूलभूत प्रश्न विचारला: पदार्थ जाळला की जे बाहेर पडतं, ते आधीपासून त्यात होतं हे कशावरून? ॲरिस्टॉटलची चार तत्त्वं आणि किमयागारांची मीठ-गंधक-पारा ही त्रयी, दोन्ही त्याला पटली नाहीत. त्याच्या मते पदार्थ सूक्ष्म कणांचा असतो. कणांचा आकार, रचना आणि गती यांवरून गुणधर्म ठरतात.

रॉबर्ट हूकने बांधलेल्या पंपाने हवा काढून घेतली की ज्योत विझते, हेही त्याने पाहिलं होतं. म्हणजे हवा लागते, हे त्याला ठाऊक होतं!

आता गंमत बघा. कथील तापवलं की भस्म होतं आणि वजन वाढतं. का? बॉईलने काचेच्या बंद पात्रात धातू तापवला, मग पात्र उघडलं. हवा सूं करून आत शिरली. त्यानंतर त्याने धातू तोलला. वजन वाढलेलं! पात्र तर बंद होतं, मग वाढ आली कुठून? आगीचे कण काचेतून आत शिरले, असं त्याने १६७३ मध्ये मांडलं. कणवादात हे अगदी चपखल बसत होतं, आणि तिथेच घात झाला.

१७७४ मध्ये लाव्हाझिएने हाच प्रयोग केला, पण पात्र उघडण्याआधी अख्खं तोललं. वजनात फरक नाही! उघडल्यावर हवा शिरली, तेव्हाच वजन वाढलं. म्हणजे धातूने पात्रातलीच हवा घेतली होती आणि रिकामी झालेली जागा बाहेरच्या हवेने भरली. आगीच्या कणांची गरजच उरली नाही.

बॉईलचा तराजू खोटा नव्हता, धातूचं वजन खरंच वाढलं होतं. राहून गेलं ते एक मोजमाप. म्हणून प्रयोगवहीत नुसता आकडा लिहू नका; कशाचं वजन, कोणत्या पायरीनंतर, तेही लिहा. आणि निष्कर्ष तुमच्या लाडक्या सिद्धांतात फारच सहज बसला, तर एकदा थांबून विचारा: पात्र उघडण्याआधी तोललं होतं का?