जपानचा वाफा आणि कोकणचा राब

भातलागवडीच्या जपानी पद्धतीची मोहीम भारत सरकारने 1953 साली हाती घेतली. तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात तिचे प्रयोग आधीच झाले होते. पुढे 1960 नंतरच्या दशकात जपानच्या सहकार्याने निघालेल्या प्रात्यक्षिक शेतांपैकी एक कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात खोपोली येथे होते. जपानी तज्ज्ञ व कोकणचा शेतकरी एकाच बांधावर उभे राहिल्यावर तुलना होणे अपरिहार्यच होते.

परक्या पाहुण्यास राब भाजणे ही निव्वळ नासाडी वाटते. शेण, टहाळ, पालापाचोळा व माती यांचे थर रचून जाळावयाचे, म्हणजे रानाची तोड आणि खताची राख. परंतु भाजल्याने तणाचे बी मरते, हे शेतकऱ्याचे उत्तर खोटे नाही. जपानमध्ये अडचण निराळी. तेथे रोपास वसंतातील थंडीपासून जपावे लागे, म्हणून वाफे तेलकट कागदाने झाकीत. गादीवाफा सुचविताना तणाचा बंदोबस्त कसा करावयाचा हे ग्रामसेवकाने आधी सांगावे. एरवी शेतकरी मान डोलावील आणि राबच भाजील.

मिठाच्या पाण्यात पोचट बी तरंगवून काढण्याची जपानी रीत मात्र जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. दहा लिटर पाण्यास 300 ग्रॅम मीठ पुरते. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

खरी फसगत खताने झाली. जपानचे वाण आखूड व ताठ, भरपूर नत्र पेलणारे. आपली जुनी भाते उंच. तेवढेच नत्र दिले की लोळत, आणि लोळलेल्या लोंब्या पावसात शेतातच मोड धरीत. उसनवारीने खत घेतलेल्याचे पीकही गेले आणि देणेही राहिले. पद्धत आली होती, तिला साजेसे बियाणे आले नव्हते. ‘आय. आर. 8’ 1966 साली व ‘जया’ 1968 साली आल्यावर ही उणीव भरून निघू लागली.

पाण्याचा भेद आजही उरतो. जपानी खाचरास पाणी घेण्याची व सोडण्याची वाट स्वतंत्र असते. कोकणात ते खाचरातून खाचरात वाहते आणि वर फोकलेला युरिया शेजाऱ्याकडे जातो. नत्र चिखलात खोल दिल्यास टिकते, हे जपानी संशोधकांनी पूर्वीच दाखविले होते. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तेच तत्त्व आहे: 15 व 25 सेंटिमीटर अशी आलटून पालटून लावणी, आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डी.ए.पी.ची एक ब्रिकेट 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचावयाची.