दोन जुळ्या पाणबुड्यांची हकीकत

पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या मोहिमेचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ऐकून ठाऊक असेल. त्या मोहिमेच्या पहिल्याच पहाटे बत्तीस माणसे एका लोखंडी नळकांड्यात बसून पाण्याखालून तुर्कांच्या दारात शिरली, हे मात्र फारसे कोणाच्या कानी आलेले नसते. ती हकीकत आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ऑस्ट्रेलियाने आपल्या नव्या आरमारासाठी इंग्लंडातील बॅरो येथील व्हिकर्स कारखान्यात दोन पाणबुड्या बांधवून घेतल्या. त्यांस नावेही धड नव्हती. एकीस 'एई-१' व दुसरीस 'एई-२' एवढेच म्हणत. लांबी सुमारे १८१ फूट. पृष्ठभागावर चालावयास डिझेलचे इंजिन आणि पाण्याखाली विजेची मोटार. मोटारीचे विद्युत्घट काही तासांत रिते होत व ते भरण्यासाठी वर येऊन इंजिन चालविणे भागच असे. अशा या जुळ्या बहिणी २ मार्च १९१४ रोजी पोर्ट्समथहून निघाल्या आणि ८३ दिवसांनी, २४ मे रोजी, सिडनीस पोहोचल्या. पाणबुडीने इतका लांबचा प्रवास त्यापूर्वी कधी केला नव्हता.

ऑगस्टात युद्ध पेटले. जर्मनांच्या ताब्यातील न्यू गिनी बेटांवर दोघींची रवानगी झाली. तेथे १४ सप्टेंबर १९१४ रोजी 'एई-१' गस्तीस गेली ती परतली नाही. आत ३५ माणसे होती. फळी नाही, तेलाचा तवंग नाही. समुद्राने काहीच परत केले नाही.

उरलेली 'एई-२' भूमध्य समुद्रात आली. तिचा नायक हेन्री स्टोकर हा डब्लिनचा आयरिश गृहस्थ. दार्दानेल्सची सामुद्रधुनी ओलांडून मार्मरा समुद्रात जाता येईल असे त्याने वरिष्ठांच्या गळी उतरविले. हे धाडस साधे नव्हे. सामुद्रधुनीची लांबी सुमारे ३८ मैल, अरुंद ठिकाणी रुंदी मैलभरही नाही, दोन्ही तीरांवर किल्ले आणि पाण्यात सुरुंगांच्या रांगा. फ्रेंचांची 'साफीर' जानेवारीतच तेथे बुडाली होती. इंग्रजांची 'ई-१५' १७ एप्रिलला किनाऱ्यावर रुतली व तिचा नायक मारला गेला.

२५ एप्रिल १९१५ च्या पहाटे स्टोकर आत शिरला. सुरुंग ज्या तारांनी तळाशी बांधलेले असत, त्या तारा पाणबुडीच्या अंगास घासत असल्याचा आवाज आतल्या माणसांस स्पष्ट ऐकू येत होता. पुढे एका तुर्की युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडून त्याने तीस निकामी केले. पण त्या धांदलीत पाणबुडी किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी रुतली. किल्ल्याच्या तोफा इतक्या खाली वळत नव्हत्या, म्हणून प्राण वाचले! पुढे दिवसभर ती समुद्रतळावर निपचित पडून राहिली. वरून शत्रूच्या नौका घिरट्या घालीत होत्या आणि आतली हवा तासागणिक जड होत होती.

रात्री नऊच्या सुमारास वर येऊन स्टोकरने बिनतारी संदेश धाडला : आपण पार झालो आहोत. पोच आली नाही. संदेश कोणी ऐकला की तो वाऱ्यावरच गेला, हे कळावयास मार्ग नव्हता.

संदेश ऐकला गेला होता. त्याच रात्री किनाऱ्यावर उतरलेल्या ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या पलटणींचे सेनानी माघारीची परवानगी मागत होते. सरसेनापती हॅमिल्टन यांनी त्यांस 'जमिनीत खंदक खणून टिकून राहा' असे लिहिले व पाणबुडी पार झाल्याची वार्ताही त्याच पत्रात दिली. या वार्तेने निर्णय फिरला असे आम्ही म्हणणार नाही. इतिहासकारांत त्याविषयी मतभेद आहेत. दोनच दिवसांनी 'ई-१४' त्याच वाटेने गेली हे मात्र निर्विवाद.

मार्मरा समुद्रात पाच दिवस 'एई-२'ने जहाजांवर टॉर्पेडो सोडले. एकही लागला नाही. तेथील पाण्याची एक खोड आमच्या भगिनींस स्वयंपाकघरातील उदाहरणाने चटकन कळेल. साध्या पाण्यात बटाटा बुडतो, मिठाच्या दाट पाण्यात तोच तरंगतो. मार्मरात काळ्या समुद्राचे कमी खारे पाणी वर व भूमध्याचे अधिक खारे पाणी खाली असते, त्यामुळे पाणबुडीचा तोल सांभाळणे फार कठीण. ३० एप्रिलला 'एई-२'चा तोल असाच सुटला. नाक एकाएकी वर उसळले, मग ती शंभर फुटांच्याही खाली गेली, आणि वर आणताच 'सुलतानहिसार' या तुर्की नौकेने इंजिनाच्या दालनास भोके पाडली. आता बुडी मारणे म्हणजे सर्वांचा अंत. स्टोकरने माणसांस वर काढले, आत पाणी सोडविले आणि आपली पाणबुडी आपल्याच हाताने बुडविली. बत्तीसच्या बत्तीस माणसे तुर्कांनी आपल्या नौकेवर घेतली. नायकाने नौकेसह बुडावे असे मानणारे कोणी असतील; आमच्या मते त्या सकाळी त्याने केलेला हिशेबच खरा होता.

पुढे साडेतीन वर्षे कैद. काहींस टॉरस पर्वतातील रेल्वेच्या कामावर जुंपले गेले; चौघे आजाराने तेथेच वारले. तुर्कांची कैद महाराष्ट्रासही अपरिचित नाही. एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमारा पडले तेव्हा शरण आलेल्या फौजेत तीन मराठा पलटणी होत्या. असो. स्टोकर सुटून आला, पुढे आरमार सोडून चक्क रंगभूमीवर नट झाला!

'एई-२'चा सांगाडा १९९८ साली सेल्चुक कोलाय या तुर्की संशोधकाने सुमारे ७३ मीटर खोलीवर शोधून काढला. ज्या देशाविरुद्ध ती लढावयास गेली, त्याच देशाच्या माणसाने तिचा माग काढावा, हे आम्हांस विशेष वाटते. 'एई-१' मात्र डिसेंबर २०१७ पर्यंत सापडली नाही. ड्यूक ऑफ यॉर्क बेटांजवळ, तीनशे मीटरहून अधिक खोलीवर ती मिळाली आणि त्या ३५ जणांच्या वंशजांस आपले पूर्वज कोठे निजले आहेत ते १०३ वर्षांनी कळले.