ऑसिलोस्कोपचा प्रोब : स्वस्त, पण पारखून

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातील तापकीर गल्ली, दुरुस्तीची साधने घेणाऱ्यांच्या यादीत मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्नच्या जोडीला आता ऑसिलोस्कोपही दिसू लागला आहे. जुना अ‍ॅनालॉग किंवा नवा माफक किमतीचा डिजिटल ऑसिलोस्कोप छोट्या कारागिराच्या आवाक्यात आला आहे. तथापि, हजारो रुपये उपकरणावर खर्च करणारा ग्राहक त्याला जोडायच्या प्रोबबाबत मात्र 'कोणताही चालेल' अशी भूमिका घेतो. ही भूमिका महागात पडते. पडद्यावर दिसणारी आकृती आधी प्रोबमधून जाते. प्रोबच चुकीचा असेल तर धडधाकट सुटे भाग बदलले जातात आणि मूळ बिघाड तसाच राहतो. विजेच्या मुख्य पुरवठ्यावर काम करताना तर प्रश्न जिवाचा असतो.

एकपट आणि दहापट

प्रोब म्हणजे केवळ टोक लावलेली वायर नव्हे. बाजारातील बहुतेक स्वस्त प्रोबवर एकपट व दहापट अशी कळ असते. दहापट स्थितीत टोकाशी ९ मेगाओहमचा रोध असतो आणि ऑसिलोस्कोपच्या आतील १ मेगाओहमशी मिळून तो संकेताचा दहावा भाग आत पाठवतो. संकेत लहान होत असला तरी तपासल्या जाणाऱ्या सर्किटवर पडणारा भार बराच कमी होतो. दहापट स्थितीत प्रोबची धारिता साधारणतः १५ पिकोफॅरडच्या आसपास असते. एकपट स्थितीत ती १०० पिकोफॅरडच्या घरात जाते.

हा फरक किती मोलाचा आहे, हे मायक्रोकंट्रोलरच्या क्रिस्टलवरून कळते. क्रिस्टलला जोडलेले कपॅसिटर जेमतेम २० पिकोफॅरडच्या आसपासचे असतात. तेथे एकपट स्थितीतील प्रोब टेकवला, तर चालू असलेले कंपन बंद पडू शकते आणि 'क्रिस्टल गेला' असा निष्कर्ष निघतो. दहापट प्रोबही पूर्णतः निरुपद्रवी नाही. त्याचे १० मेगाओहम केवळ स्थिर दाबाला लागू असतात. १५ पिकोफॅरडची धारिता १० मेगाहर्ट्झला अवघ्या एक किलोओहमइतका भार टाकते.

मग एकपट स्थितीचा उपयोग काय? पाच व्होल्टच्या पुरवठ्यावरील काही मिलिव्होल्टची तरंगरेघ पाहण्यासाठी ती उपयुक्त ठरते. मात्र या स्थितीत प्रोबची बँडविड्थ सुमारे ६ मेगाहर्ट्झपुरतीच उरते. खोक्यावर १०० मेगाहर्ट्झ छापलेले असले, तरी तो आकडा दहापट स्थितीचा असतो, हे लक्षात ठेवायला हवे.

बँडविड्थ किती हवी?

प्रोबची बँडविड्थ किमान ऑसिलोस्कोपइतकी असावी, हा पहिला नियम. दोन्ही १०० मेगाहर्ट्झचे असतील, तर मिळून सुमारे ७० मेगाहर्ट्झच पदरात पडतात. तरीही वीजपुरवठ्याचे सर्किट, ध्वनिवर्धक किंवा घरगुती उपकरणांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला याची चिंता करण्याचे कारण नाही. २० मेगाहर्ट्झच्या जुन्या ऑसिलोस्कोपला ६० मेगाहर्ट्झचा, तर ५० मेगाहर्ट्झच्या डिजिटल उपकरणाला 'पी ६१००' या नावाने विकला जाणारा १०० मेगाहर्ट्झचा साधा प्रोब पुरेसा होतो. नामांकित कंपनीच्या प्रोबसाठी कित्येक पट पैसे मोजण्याची गरज अशा कामात क्वचितच भासते.

दुसरा नियम जुळणीचा. प्रत्येक ऑसिलोस्कोपच्या जोडणीपाशी त्याची धारिता पिकोफॅरडमध्ये लिहिलेली असते. प्रोबच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत, उदाहरणार्थ १० ते ३५ पिकोफॅरड, ती बसली पाहिजे. प्रोब ऑसिलोस्कोपवरील एक किलोहर्ट्झच्या चौकोनी तरंगाला जोडून त्याचा छोटा स्क्रू फिरवावा. कोपरे गोलावलेले किंवा टोक काढून वर आलेले दिसत असतील, तर जुळणी झालेली नाही. माथा सपाट होतच नसेल, तर तो प्रोब त्या उपकरणासाठी नाही. ही जुळणी दहापट स्थितीतच करावी लागते. शिवाय स्वस्त प्रोबमध्ये आपोआप ओळख पटवणारी पिन नसते. त्यामुळे चॅनेलच्या मेन्यूत दहापट हा पर्याय स्वतः निवडावा, अन्यथा वाचन दहा पटींनी चुकते.

धोका नेमका कोठे?

आपल्याकडील २३० व्होल्टचा पुरवठा शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत जातो. एसएमपीएसच्या मुख्य कपॅसिटरवर जवळपास तेवढाच दाब असतो, तर स्विचिंग मॉसफेटच्या ड्रेनवर तो ५००-६०० व्होल्ट किंवा त्याहूनही वर उसळू शकतो. साध्या प्रोबची मर्यादा दहापट स्थितीत बहुधा ६०० व्होल्टच असते आणि वारंवारिता वाढते तशी ती घटते. तेव्हा ड्रेन तपासायचा असेल, तर दोन किलोव्होल्टपर्यंतचा शंभरपट प्रोब वेगळा घ्यावा.

त्याहून मोठा धोका काळ्या क्लिपचा आहे. ही क्लिप ऑसिलोस्कोपच्या धातूच्या सांगाड्यातून थेट अर्थिंगला जोडलेली असते. एसएमपीएसच्या प्राथमिक बाजूचा 'ग्राउंड' मात्र अर्थिंगशी समान नसतो. तेथे क्लिप लावताच ब्रिज रेक्टिफायरमधून शॉर्टसर्किट होते. बोर्ड, प्रोब आणि कधी ऑसिलोस्कोपही जळतो. यावर अनेक जण ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंग पिनच तोडतात. हा उपाय नव्हे, तर संकटाला निमंत्रण आहे, कारण मग ऑसिलोस्कोपचा संपूर्ण सांगाडा जिवंत होतो. योग्य मार्ग म्हणजे दुरुस्तीचे उपकरण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवणे किंवा डिफरन्शियल प्रोब वापरणे. दाब प्रोबच्या मर्यादेत असेल, तर एकाच प्रकारचे दोन प्रोब घेऊन, दोन्हींच्या क्लिपा मोकळ्या ठेवून, दोन चॅनेलमधील वजाबाकी पाहता येते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असला, तरी जिवंत भागांना हात लावणे घातकच असते आणि अशा वेळी गळतीरोधक स्विचही वाचवत नाही.

दुकानातच घ्या परीक्षा

प्रोबची प्राथमिक परीक्षा मल्टिमीटरने दोन मिनिटांत होते. दहापट स्थितीत टोक आणि बीएनसी जोडणीची मधली पिन यांच्यात सुमारे ९ मेगाओहम दिसावेत, एकपट स्थितीत काहीशे ओहम. हे काहीशे ओहम म्हणजे दोष नव्हे. प्रोबच्या केबलमधील तार मुद्दामच रोध असलेली असते, आणि म्हणूनच तिच्या जागी टीव्हीची केबल जोडता येत नाही. क्लिप व जोडणीचे बाह्य कडे यांच्यात जवळजवळ शून्य ओहम हवेत. तपासताना केबल दोन्ही टोकांशी हलवून पाहावी. आकडा उड्या मारत असेल, तर प्रोब परत करावा.

सोबत मिळणारी छोटी ग्राउंड स्प्रिंग मात्र फेकू नये. १५ सेंटिमीटर लांबीची ग्राउंड वायर प्रोबच्या धारितेशी मिळून सुमारे १०० मेगाहर्ट्झला स्वतःच झंकारते आणि सर्किटमध्ये नसलेली थरथर पडद्यावर दाखवते. स्प्रिंग लावताच ती बहुतांशी नाहीशी होते.

सारांश, रोजच्या दुरुस्तीला दोन साधे १०० मेगाहर्ट्झचे प्रोब, एक शंभरपट प्रोब आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर एवढी सामग्री पुरते. प्रोबचा खर्च वाचवायला हरकत नाही. ट्रान्सफॉर्मरचा मात्र वाचवू नये.