विश्लेषण : ज्यू धर्मात रानवाटेला एवढे महत्त्व का? अलिबागचा खडक, ताडोबाचा तारू आणि सुरजागड यांना जोडणारा धागा कोणता?

अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक खडक आहे. महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजेच बेने इस्रायली, त्याला पवित्र मानतात. तिथून शेकडो किलोमीटर दूर चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा तलावाच्या काठी तारू देवाचे ठाणे आहे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. तिघांच्या श्रद्धा वेगळ्या, भाषा वेगळ्या. पण तिन्ही ठिकाणी भाविक हिवाळ्यात जमण्याची प्रथा आहे आणि तिन्ही ठिकाणी देव भिंतीआड नाही, रानात आहे. आज या तिन्ही जागांपुढे एकच प्रश्न आहे : वाट चालणारेच उरले नाहीत, तर जागेचे पावित्र्य टिकते का?

ज्यू धर्मात रान कुठून आले?

ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथाचे पाच भाग आहेत. चौथ्या भागाला मराठी बायबलमध्ये ‘गणना’ म्हणतात. त्याचे मूळ हिब्रू नाव ‘बामिदबार’ आहे आणि त्याचा अर्थ ‘रानात’ असा होतो. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेले लोक ४० वर्षे सिनायच्या वैराण प्रदेशात चालत होते. त्यांनी कुठे कुठे तळ ठोकला, त्या ४२ मुक्कामांची यादीच या ग्रंथात दिली आहे. धर्माचे नियम त्यांना मिळाले तेही वाटेवर, एका डोंगराशी. तोवर त्यांच्याकडे राज्य नव्हते, शहर नव्हते, मंदिरही नव्हते. उपासनेचा तंबू होता. मुक्काम हलला की तो उकलायचा, खांद्यावर घ्यायचा आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा उभारायचा. देव एका जागी बसून नाही, तो आपल्यासोबत चालतो, ही कल्पना तिथून आली.

एलियाची कथा काय सांगते?

रानवाटेची सर्वात गाजलेली ज्यू कथा संदेष्टा एलियाची आहे. राणी ईजबेल जिवावर उठल्याने तो पळाला आणि दिवसभर रानात चालून एका झुडपाखाली बसला. ‘आता पुरे, मरण दे,’ असे त्याने देवाला सांगितले आणि तो झोपी गेला. देवदूताने त्याला उठवले, पण उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले. एलिया जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा जेवला. मग ४० दिवस आणि ४० रात्री चालत होरेब डोंगरावर पोहोचला.

तिथे आधी सोसाट्याचा वारा आला, मग भूकंप, मग आग. देव यांपैकी कशातच नव्हता. शेवटी अगदी हळू, शांत असा आवाज आला, तेव्हा एलियाने चेहरा झाकून घेतला. पायी भटकंतीत अर्थ शोधणारे आजचे अनेक ज्यू याच कथेकडे वळतात. थकलेल्या माणसाला आधी अन्न, मग झोप, मग वाट आणि सर्वात शेवटी अर्थ, असा तिचा क्रम आहे.

खंडाळेच्या खडकाचे महत्त्व काय?

हे लोणावळ्याजवळचे खंडाळा नव्हे, रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यातले खंडाळे. एलिया, बेने इस्रायलींच्या बोलीत ‘एलियाहू हनाबी’, आपल्या रथातून इथून गेला आणि खडकावर खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे.

बेने इस्रायलींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून कोकणात आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे सांगतात. पुढे ते तेलघाण्याचा धंदा करू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. किहीमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे गावांवरूनच आली.

ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या १५ व्या दिवशी ‘तू बिश्वात’ म्हणजे झाडांचे नवे वर्ष असते. हे पंचांग चंद्रावर चालत असल्याने हा दिवस आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास येतो. बेने इस्रायली याच दिवसाला एलियाहू हनाबीचा उरूस म्हणत आले आहेत. पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा आणि फळे घालून मलिदा केला जातो. एलियाला आळवले जाते आणि मगच प्रसाद वाटला जातो.

आजचे ज्यू ट्रेकर हे कसे पाळतात?

इस्रायलमध्ये उत्तरेकडच्या दान भागातून दक्षिणेच्या एलातपर्यंत सुमारे १००० किलोमीटरची पायवाट आहे. ती १९९५ मध्ये खुली झाली. केशरी, निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांनी ती ओळखू येते. वाटेवरची अनेक कुटुंबे चालणाऱ्यांना फुकट निवारा देतात. त्यांना ‘वाटेवरचे देवदूत’ असेच नाव पडले आहे.

धर्म पाळणाऱ्या ट्रेकरसाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात :

• थांबणे : शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू झाला की शनिवारी रात्र पडेपर्यंत चूल पेटवायची नाही, तळ हलवायचा नाही. मुक्कामाच्या हद्दीपासून २००० हातांपलीकडे, म्हणजे साधारण एक किलोमीटरपलीकडे जायचे नाही. शिखर समोर दिसत असले तरी थांबायचे.

• प्रवासाची प्रार्थना : गावाची वेस ओलांडली की ती म्हणतात. शत्रू, लुटारू आणि वाटेवरची हिंस्र जनावरे यांपासून रक्षण व्हावे, असे मागणे तिच्यात आहे. माणूस एकटाच चालत असला तरी तो ‘मला’ नव्हे, ‘आम्हाला’ सांभाळ, असेच म्हणतो.

• आशीर्वचने : वीज चमकली, इंद्रधनुष्य दिसले, फळझाडाला मोहोर आला, तर प्रत्येकासाठी वेगळे छोटे आशीर्वचन आहे. त्यामुळे चालणाऱ्याला आजूबाजूला लक्ष ठेवावेच लागते.

म्हणजे ज्यू परंपरेत रानातला अर्थ फक्त एकांतात किंवा सुंदर देखाव्यात नाही. कुठे थांबायचे आणि कोणाला सोबत धरायचे, यातही तो आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीचा संबंध काय?

हिंस्र जनावरांपासून रक्षण कर, ही मागणी शहरातल्या माणसाला जुनाट वाटेल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा आरमोरीत ती रोजची गोष्ट आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात शिरणाऱ्यांना वाघाची धास्ती असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

ज्या देवावरून ताडोबाला नाव मिळाले, तो तारूही आख्यायिकेनुसार वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुखच आहे. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरण्याची परंपरा आहे. मात्र ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्रातली नवेगाव, जामणीसारखी गावे बाहेर वसवली गेली. आज तिथे पर्यटक जिप्सीतून जातो आणि त्याला खाली उतरता येत नाही. पायी फिरतात ते वनरक्षक आणि वनमजूर. वाघासाठी हे गरजेचे आहे, पण पायवाटेने देवाकडे जाणाऱ्यांची वाट त्यामुळे परवानगीवर आली.

सुरजागडची गोष्ट वेगळी आहे. जानेवारीत तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि माडिया गोंड समाजाचे लोक गावोगावहून येतात. त्याच डोंगररांगेत लोहखनिज आहे आणि खाणीचे काम २०२१ पासून जोरात आहे. परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी त्याला विरोध नोंदवला आहे. दुसरीकडे, रोजगार मिळतो म्हणून पाठिंबा देणारेही आहेत.

कायदा काय सांगतो?

वनहक्क कायदा २००६ शिकारीचा अपवाद वगळून जंगलाशी जोडलेले पारंपरिक हक्क मान्य करतो. त्यात धार्मिक हक्क येतात का, याचे उत्तर ओडिशातून मिळाले. नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी डोंगरिया कोंध समाजाच्या श्रद्धेचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. डोंगर हाच त्यांचा देव होता. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

मग पुढे काय?

खंडाळेच्या खडकाला ना खाणीचा धोका आहे, ना वनखात्याची अडचण. तिथे माणसेच कमी झाली. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. देशभरातल्या ज्यूंची संख्या आता पाच हजारांहून कमी आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण दर्जाने पावले परत येत नाहीत. तरी तिकडे स्थायिक झालेली काही कुटुंबे भारतात आली की नातवंडांना घेऊन या खडकापर्यंत जातात.

खंडाळेत वाट मोकळी आहे, चालणारे थोडे उरले. ताडोबा आणि सुरजागडला चालणारे आहेत, प्रश्न वाटेचा आहे. तंबू खांद्यावर घेऊन चालणाऱ्या लोकांचा देव त्यांच्यासोबत निघाला. तारूचे झाड आणि ठाकूरदेवाचा डोंगर मात्र खांद्यावर घेता येत नाहीत. म्हणून तिथली वाट कोणी, केव्हा आणि किती मोकळी ठेवायची, हे ठरवताना त्या वाटेने आजवर चालत आलेल्यांना आधी विचारावे लागेल.