कोलमान्सकोप : वाळूने गिळलेलं हिऱ्यांचं गाव

आजच्या भागात आपण जाणार आहोत नामिबियात. गुडघाभर वाळूने भरलेली खोली, अर्धवट उघडं दार, भिंतीवर फिका निळा रंग... हा फोटो तुम्ही इन्स्टावर नक्की पाहिला असेल. तेच हे कोलमान्सकोप.

गोष्ट सुरू होते 1908 मध्ये. तेव्हा हा भाग जर्मनीच्या ताब्यात होता. रेल्वेच्या रुळांवरची वाळू उपसताना झकेरियास लेवाला या कामगाराला एक चमकणारा खडा सापडला. तो आधी किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत काम करून आलेला, त्यामुळे त्याने हिरा लगेच ओळखला आणि साहेबाला, म्हणजे ऑगस्ट श्टाउखला, नेऊन दिला. श्टाउखने गुपचूप परवाने काढले आणि तो गडगंज झाला. लेवालाला मात्र बक्षीस मिळाल्याची नोंद नाही.

मग वाळवंटात चक्क एक जर्मन गाव उभं राहिलं. दवाखाना, शाळा, नाचगाण्याचा हॉल, बर्फाचा कारखाना, सगळं होतं! पिण्याचं पाणी जहाजाने केपटाउनहून यायचं. दवाखान्यात एक्स-रे मशीनसुद्धा होतं. कामगारांनी हिरे गिळले नाहीत ना, हे बघायलाही ते वापरायचे, असं सांगतात.

गाव ओस का पडलं? पहिल्या महायुद्धानंतर इथले हिरे संपत आले. 1928 च्या सुमारास दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ मोठे साठे सापडले. लोक तिकडे सरकत गेले आणि 1956 पर्यंत गाव पूर्ण रिकामं झालं. वाळू उपसणारं कुणी उरलं नाही, मग वाऱ्याने ती थेट घरात आणून टाकली.

आता जायचं कसं? राजधानी विंडहुकपासून ल्युडेरिट्झ साधारण 700 किलोमीटर. तिथून गाव जेमतेम 10 किलोमीटर. परमिट लागतं, कारण हा हिऱ्यांचा प्रतिबंधित इलाखा आहे. सकाळी जा, दुपारी वारा सुटला की वाळू तोंडावर मारते. पाणी, टोपी, बंद बूट हवेतच. कॅमेरा आणि फोन झाकून ठेवा. मोडक्या जिन्यांवर चढू नका. आणि आठवण म्हणून खडा उचलणं? अजिबात नाही! परवान्याशिवाय कच्चा हिरा जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र फोटोंत दिसत नाही. ज्या रुळांवर तो खडा सापडला, ते रूळ टाकायला ल्युडेरिट्झजवळच्या शार्क बेटावरच्या छावणीतले हेरेरो आणि नामा कैदी जुंपले होते. त्यांतले कितीतरी तिथेच मेले. पुढे खाणीत राबले ते उत्तरेकडून करारावर आणलेले ओवाम्बो मजूर. फोटोंत झळकतात ती मॅनेजरची, इंजिनिअरची घरं. मजुरांच्या बराकींकडे फारसं कुणी वळत नाही.

म्हणून तिथे गेलात तर गाईडला लेवालाबद्दल जरूर विचारा, बरं का. आणि पुढचं कुठलं ओसाड गाव ऐकायला आवडेल, ते कमेंटमध्ये कळवा. भेटूया!