नव्वदच्या नोटेवरील शेतकरी

पैशाची कार्ये शिकविताना विनिमयाचे माध्यम, मूल्यमापन, मूल्यसंचय असे शब्द आम्ही फळ्यावर लिहितो. या साऱ्यांच्या मुळाशी असलेला विश्वास मात्र फळ्यावर लिहून दाखविता येत नाही. तो समजून घ्यावयाचा तर ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, १९८७ साली काढलेली ९० क्यातची नोट पाहावी.

नोटेच्या दर्शनी बाजूस साया सान यांचे चित्र आहे. भाताचे भाव कोसळले, तरी करवसुली सुटली नाही. तेव्हा १९३० च्या डिसेंबरात या देशी वैद्याने शेतकऱ्यांना इंग्रजी सत्तेविरुद्ध उभे केले. १९३१ साली त्यांना फाशी देण्यात आली. नोटेच्या मागे बैलांनी नांगरणी करणारा शेतकरी आहे. सोबतच्या ४५ क्यातच्या नोटेवर तेलखाण कामगारांच्या १९३८ च्या संपाचे नेते थाकिन पो ह्ला जी आहेत. समाजवादी म्हणविणाऱ्या राजवटीला याहून साजेशी प्रतीके कोणती मिळणार?

पण आकडे पाहावेत. ४५ आणि ९० दोन्ही नवाच्या पाढ्यातले. दोहोंच्या अंकांची बेरीजही नऊच. सर्वसत्ताधीश जनरल ने विन यांची नऊ या अंकावर श्रद्धा होती, असे सांगितले जाते. सुट्या पैशांचा हिशेब करणाऱ्या दुकानदाराच्या सोयीचा विचार येथे कोणी केलेला दिसत नाही.

खरा आघात याहून मोठा होता. या नोटा येण्यापूर्वी, ५ सप्टेंबर १९८७ रोजी, २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एकाएकी रद्द झाल्या; बदल्यात काहीही मिळाले नाही. आपल्याकडे १९७८ व २०१६ साली मोठ्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्या बँकेत भरण्यास मुदत तरी होती. तेथे घरात जपून ठेवलेली शिल्लक एका दिवसात रद्दी झाली. रंगूनमधील विद्यार्थी लागलीच रस्त्यावर आले, आणि ८ ऑगस्ट १९८८ रोजी साऱ्या देशात उठाव झाला.

ज्याने शेतकऱ्याच्या पदरचे राखण्यासाठी प्राण दिले, त्याचेच चित्र शेतकऱ्याची शिल्लक बुडविणाऱ्या सरकारने नोटेवर छापावे, यापरता दैवदुर्विलास नाही. नोट हे सरकारने नागरिकाला दिलेले वचन असते. वचनच मोडल्यावर त्यावर हुतात्म्याचे चित्र असले काय आणि नसले काय!