बारा वर्षांची वहिवाट आणि जमिनीची मालकी

पेरणीच्या तोंडाशी छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील गावोगावी जे तंटे उद्भवतात, त्यांतील पुष्कळसे बांधाचे व वहिवाटीचे असतात. एक पक्ष म्हणतो, “बारा वर्षे जमीन आम्ही कसतो, आता ती आमचीच.” दुसरा म्हणतो, “सातबारा आमच्या नावे आहे, आम्हांस कशाचे भय?” या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत आणि दोहोंपायी जमीन गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

मुदतीच्या कायद्यातील (1963) अनुच्छेद 65 प्रमाणे, दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली जमीन मालकी हक्काने परत मिळविण्याचा दावा 12 वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाला, त्या दिवसापासून ही मुदत मोजतात. मुदत टळल्यास कलम 27 अन्वये मालकाचा हक्कच संपुष्टात येतो. यासच प्रतिकूल कब्जा म्हणतात. शासनाच्या दाव्यास मात्र 30 वर्षांची मुदत आहे.

तथापि, केवळ जमीन कसली म्हणजे कब्जा प्रतिकूल झाला, असे नव्हे. तो उघड, अखंड व मालकाचा हक्क नाकारणारा असला पाहिजे. बटईने, खंडाने, राखणीसाठी अथवा नातेवाइकाच्या परवानगीने घेतलेली जमीन कितीही वर्षे कसली, तरी तेवढ्याने ती कसणाऱ्याची होत नाही. चोरून किंवा बळजबरीने घेतलेला ताबाही या कसोटीस उतरत नाही. हे सर्व सिद्ध करण्याचा भार कब्जा सांगणाऱ्यावरच असतो.

एक उदाहरण घेऊ. घरचा कर्ता वारला. त्याची विधवा लहान मुलांसह माहेरी गेली आणि दीर सर्व जमीन कसू लागला. येथे दीर हा सहहिस्सेदार होय. त्याचा ताबा सर्व वारसांच्या वतीने आहे, असे न्यायालय सामान्यतः मानते. परंतु “तुमचा हिस्सा नाही” असे त्याने उघडपणे बजावले आणि तिला ते समजले, तर त्या दिवसापासून मुदत चालू होते. पुढे ती बाई नात्याच्या भिडेने गप्प राहिली, तर मुलांचा घास जाण्याचा धोका असतो. अशा कुटुंबास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेळीच सावध करावे.

सन 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा प्रामाणिक मालकावर अन्याय करणारा असल्याचे सांगून त्याचा फेरविचार सुचविला होता. सन 2019 मध्ये त्याच न्यायालयाने, मुदत पूर्ण केलेला कब्जेदार स्वतःही दावा आणू शकतो, असे ठरविले. विधी आयोगाने 2023 च्या 280 व्या अहवालात बदलाची गरज नसल्याचे मत दिले. म्हणून मालकाने जागरूक राहणे हाच खरा उपाय होय.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

(1) दरवर्षी सातबारा व पीकपाहणीची नोंद तपासावी. 2021 पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपले पीक स्वतः नोंदवावे.

(2) हद्दीविषयी शंका येताच भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

(3) बटईचा करार दरवर्षी लेखी करावा. शेतसाऱ्याच्या पावत्या, जुने खासरा पत्रक व फेरफाराच्या नकला जपाव्यात.

(4) सातबाऱ्यावरील नोंद हा पुरावा आहे, मालकीचा अंतिम निवाडा नव्हे. तो निवाडा दिवाणी न्यायालय करते. तलाठी अथवा तहसीलदार नव्हे.

(5) कोणी बळजबरीने ताबा घेतल्यास विनाविलंब वकिलाचा सल्ला घ्यावा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (1963) कलम 6 अन्वये, सहा महिन्यांच्या आत, मालकीचा प्रश्न न उकरता ताबा परत मागता येतो.

दोन शेतकऱ्यांच्या जमिनी एकमेकांच्या ताब्यात अदलाबदलीने गेल्या असतील, तर कोर्टकचेरीहून बरा मार्ग आहे. शासनाने 3 जानेवारी 2023 रोजी ‘सलोखा’ योजना जाहीर केली. असा ताबा किमान 12 वर्षांचा असल्यास, संमतीने करावयाच्या अदलाबदलीच्या दस्तास मुद्रांक शुल्क 1000 रुपये व नोंदणी फी 1000 रुपये इतकेच ठरविले. योजनेची चालू मुदत तहसील कार्यालयात विचारून घ्यावी.

पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या खटल्यात जमिनीहून अधिक मोल खर्ची पडते. आपला हक्क वेळेवर सांगावा, दुसऱ्याचा हक्क मानावा आणि जे ठरेल ते कागदावर आणावे, यातच शेतकऱ्याचे हित आहे.